मध्यम जोराचे काका

आख्ख्या इंग्लंडात आमच्या घरमालक काकांइतका निरुपद्रवी माणूस नसेल, आणि आख्ख्या इंग्लंडात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती पण ह्याच माणसाची. दोन्ही एकदम कसं खरं असेल ते मला विचारू नका, माझी दहावीसुद्धा पुरी झालेली नाही, मी आपलं जसं घडलं तसं सांगते. आम्ही ब्रिस्टलला आलो तेव्हा चिमी पोटात होती, ह्यांना केअर होममध्ये काम लागलेलं, आणि भाड्याने जागा कुणी देईना. बाळ येणार म्हटलं की लोक "सॉरी" म्हणायचे, आणि सॉरी इथले लोक इतकं गोड म्हणतात की आपल्यालाच वाटतं आपलं काहीतरी चुकलं. मग इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, एक म्हातारे गृहस्थ आहेत, एकटेच असतात, मराठी बोलतात, वरचा मजला द्यायचाय. गेलो. दारात काका उभे. उंच, वाळलेले, कार्डिगनची सगळी बटणं लावलेली, एक चष्मा डोळ्यावर आणि एक कपाळावर. माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "रडणार का?"

हे म्हणाले, "बाळ आहे काका, रडणारच."

"रडू दे. पण मध्यम." आणि किल्ली हातात दिली.

तेव्हा मला कळलं नाही, पण मध्यम हा काकांचा धर्मच होता म्हणा. चहा मध्यम, हीटिंग मध्यम, टीव्हीचा आवाज मध्यम. गाडी अशी चालवायचे की सायकलवाले मागे वळून बघत पुढे जायचे. मी कुकर लावला की खालून हाक यायची, "बाई, शिटी पूर्ण होऊ देऊ नको गं, अर्ध्यावर बंद कर!" आता शिटी अर्ध्यावर कशी बंद करतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं, मी गॅसजवळ हात धरून उभी राहायचे आणि घाबरून आधीच बंद करायचे, मग डाळ कच्ची, मग हे माझ्यावर चिडायचे, आणि त्यांचं चिडणं मात्र काही मध्यम नसायचं. काकांची सगळी नोकरी विमानाच्या पार्टांच्या कारखान्यात झाली. रिटायर होऊन खूप वर्षं झाली होती, तरी जिन्याला हात लावून म्हणायचे, "हा जिना डावीकडे जरासा उतरता आहे." जिना मला सरळच दिसायचा. मी तरी डावीकडून चालायचं सोडून दिलं.

गॅरेजचं मला महिनाभराने कळलं. कपडे वाळत घालायला मागे गेले, तर गॅरेजचं शटर वर, आणि आत काका. तोंडावर प्लॅस्टिकचं झाकण, अंगात चामड्याचा एप्रन, हातात जाड हातमोजे, पुढ्यात एक छोटं लोखंडी भांडं, आणि भांड्यात चांदी! चकचकीत, पाण्यासारखी हलणारी. काका पळीने ती उचलायचे आणि एका साच्यात ओतायचे, साचा अगदी आपल्या मोदकाच्या साच्यासारखा, बिजागरीचा. जरा थांबायचे, साचा उघडायचे, वर लाकडी दांड्याने टकटक करायचे, आणि एक करडी गोळी टॉवेलवर पडायची. मला वाटलं, चोरीची चांदी वितळवतायत. मी ओले कपडे तसेच घेऊन वर पळाले, झोपलेल्या ह्यांना उठवलं, म्हटलं, "अहो, आपण चोराच्या घरात आलोय." हे डोळे चोळत खाली गेले आणि पाच मिनिटात हसत वर आले. "अगं, शिसं आहे ते. काका रिव्हॉल्वरची काडतुसं घरी करतात. क्लबात नेमबाजी करतात ना."

"रिव्हॉल्वर?" मी म्हटलं, आणि खालीच बसले. चोर परवडला असता.

मी काकांना भीत भीत विचारलं, काडतुसं दुकानात मिळत नाहीत का? तर काका म्हणाले, "मिळतात. पण रेडिमेड मला बसत नाहीत." जसं काही ब्लाउजच. ते रिव्हॉल्वर मी एकदाच पाहिलं, लायसन तपासायला पोलीस ऑफिसर आले होते तेव्हा. इथे छोटं पिस्तूल ठेवायला बंदी आहे म्हणे, म्हणून काकांचं ते लाटण्याएवढ्या लांब नळीचं, आणि मागे छत्रीच्या दांड्यासारखी एक सळई. ते खिशात घालून कुणी दरोडा घालायला गेला तर आधी त्याचीच पँट खाली येईल. ऑफिसर भिंतीतलं लोखंडी कपाट हलवून बघत होते, आणि मी इतकी घाबरले की कुणी मागितलं नसताना फोनमधला आमचा व्हिसा दाखवला, आणि तेवढ्याने भागेल की नाही म्हणून चिमीचं लाल पुस्तक पण आणून दिलं, हेल्थ व्हिजिटर वजन लिहिते ते. त्या बिचाऱ्यांनी ते उघडून तिच्या वजनाची रेघ बघितली आणि "लव्हली" म्हणाले. काका मला नंतर म्हणाले, "बाई, लायसन माझं आहे गं. पोरीचं नव्हे."

आता हा छंद म्हणायचा की तपश्चर्या, मला आजपर्यंत कळलेलं नाही. नुसतं शिसं फार मऊ असतं म्हणे, त्यात थोडं कथील लागतं, आणि कथील मिळवायला काका सगळ्या ब्रिस्टलची चॅरिटी शॉप फिरायचे. तिथे जुने कथलाचे बिअरचे मग मिळतात, कुणाला बक्षीस मिळालेले, त्यावर नाव कोरलेलं. काका तो मग चष्म्याजवळ धरून नाव वाचायचे, "सॉरी, केविन," म्हणायचे आणि भांड्यात सोडायचे. शिसं एका छपरं दुरुस्त करणाऱ्याकडून यायचं, जुन्या घरांच्या छतावरचं. म्हणजे बघा, कुणाचं तरी छप्पर आणि कुणाचं तरी बक्षीस वितळवून हा माणूस रविवारी कागदाला भोकं पाडणार. गार झालेल्या गोळ्या मग दिव्याखाली एकेक फिरवून बघायच्या. जरा सुरकुती दिसली, कड दुमडलेली दिसली, की परत भांड्यात.

मी एकदा म्हटलं, "काका, कागदाला भोकच पाडायचंय ना? सुरकुती कुणाला दिसतेय?"

"गोळीला ठाऊक असतं," काका म्हणाले.

ह्यावर मी दोन दिवस विचार केला. अजून कधीकधी करते.

गोळीला लावायला मेणाचं वंगण असायचं, मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण, त्या दिवशी सगळ्या घरात मधाचा वास सुटायचा आणि मला उगाच भूक लागायची. आणि बंदुकीची दारू मोजायची वेळ आली की काका श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत. सोनाराच्या काट्याहून बारीक काटा, मी एकदा दारातून शिंकले तर सगळं परत पहिल्यापासून. "क्लबातली ही तरणी पोरं," काका सांगायचे, "जोर भरतात. मोठा बार, मोठा जाळ, हात दुखतो, आणि गोळी गेली कुठे? देवाला माहीत. शिसं मऊ आहे, त्याला उगाच पळवलं तर ते नळीलाच चिकटून बसतं. मी बेताचाच जोर देतो. ती आपली सावकाश जाते, आणि सांगितलेल्या ठिकाणी जाते." एका रविवारी परत आले ते गालात हसत, आणि माझ्यासमोर कागद धरला. मधोमध एक भोक, कडा जरा फाटलेल्या. मला वाईट वाटलं. म्हटलं, "काका, एकच लागली? बाकीच्या चुकल्या?"

काकांचं तोंड असं झालं की मला रडूच आलं. "बाई," ते म्हणाले, "पाचही तिथूनच गेल्या."

मला काय माहीत! आमच्या गावच्या जत्रेत जास्त फुगे फोडेल त्याला बक्षीस असतं.

आणि काकांचं सोवळं! आपल्याकडे लोक पूजेला जाताना कपडे बदलतात, काका गॅरेजमधून बाहेर येताना बदलायचे. गॅरेजच्या चपला वेगळ्या, टॉवेल वेगळा, आत पाणीसुद्धा प्यायचं नाही, बाहेरच्या नळावर गार पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, थंडीत बोटं निळी पडायची तरी धुवायचे. शनिवारी तर गॅरेजचं शटर वरच व्हायचं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं, मारुतीचा उपास आहे. एका शनिवारी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. काकांनी आवडीने खाल्ली, आणि मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं मी उपास करतो? मी ज्यू आहे."

"म्हणजे ख्रिश्चनातलेच ना?"

"नव्हे गं. त्यांच्या आधीचे. आम्ही अलिबागचे."

मला वाटायचं अलिबागचे म्हणजे अलिबागचे. मी ह्यांना विचारलं, ह्यांनी फोनवर बघून काहीतरी सांगितलं, जहाज फुटलं, तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, आणि मी आणखीच गोंधळले. पण एक बरं झालं, खिचडी वाया गेली नाही.

एकच गोष्ट मला लागायची. काका चिमीला हात लावायचे नाहीत. तिच्याशी दुरून बोलायचे, "काय बाई, जेवलात का?" असं अगदी मोठ्या बाईशी बोलल्यासारखं, पण ती रांगत त्यांच्याकडे निघाली की काका मागे मागे सरकायचे, भिंतीला टेकेपर्यंत. माझी आई फोनवर म्हणाली, मुलगी आहे म्हणून असेल. मला वाटलं आमच्या जातीचं काही असेल का? विचारणार कसं? आणि दुसरीकडे तिला झोपवायचे पण तेच, तेही हात न लावता. गॅरेजमध्ये एक मशीन होतं, गोल डबा, त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भरडा, आणि त्यात वापरलेली पितळी काडतुसं टाकली की ते तासन् तास घरघरत राहायचं, आपली पिठाची गिरणी लांबून ऐकावी तसं. त्या आवाजावर चिमी पाच मिनिटात झोपायची. ते कळल्यावर काका काडतुसं नसली तरी मशीन लावायचे.

आणि त्या मशीननेच आमचा घात केला. म्हणजे मशीनने नाही. मी बघायचे ना, काळी पडलेली पितळी काडतुसं आत जायची आणि बाहेर यायची ती देव्हाऱ्यातल्या घंटेसारखी झळझळीत. माझी समई, निरांजन सगळं हिरवं पडलेलं, इथे चिंच किती महाग, पितांबरी संपलेली. एक दिवस काकांनी जुना भरडा काढून पिशवीत भरून गॅरेजबाहेर ठेवला, पिशवीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. टाकूनच देणार आहेत, म्हटलं, आणि दोन ओंजळी घेतला. सगळी पितळ घासली. आईने दिलेलं चिमीचं पितळी बोंडलं होतं, चोचीचं, आतून कल्हई केलेलं, ते पण आतून बाहेरून घासलं. वरवर धुतलं, आणि त्यातून तिला पाणी पाजलं, पेज पाजली. काय चमकलं होतं! दोन-तीन दिवसांनी कौतुकाने काकांना दाखवायला घेऊन गेले. "काका, बघा, तुमच्या अक्रोडाने घासलं."

काकांनी बोंडलं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मध्यम आवाजाचा तो माणूस असा ओरडला की पलीकडच्या बाई खिडकीत आल्या. "त्यातून तिला पाजलंस?"

मी पण ओरडले, का ओरडले माहीत नाही. "हो!"

मग काकांनी हळूहळू सांगितलं. काडतूस वाजतं ना, त्याची काजळी त्या भरड्यात उतरते, आणि त्यात शिसं असतं. शिसं मोठ्या माणसालाही वाईट, पण लहान पोरांच्या डोक्यात जातं, वाढ खुंटते, बोलणं लांबतं. "म्हणून तर मी तिला हात लावत नाही," काका म्हणाले, "किती धुतले तरी माझ्या हातांचा मला भरवसा नाही." मी ऐकत होते आणि मला फक्त एवढंच कळत होतं की चिमीच्या पोटात शिसं गेलंय आणि ते मी माझ्या हाताने घातलंय. कार सीटचे बेल्ट माझ्याने लागेनात, काकांनी हातमोजे घालून लावले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा काकांनी सायकलवाल्यांना मागे टाकलं. जीपीकडे, म्हणजे इथल्या डॉक्टरकडे, काकाच बोलले. तिच्या एवढ्याशा दंडातून रक्त काढलं, ती मध्यम रडली नाही, आणि रिझल्टला आठवडा तरी लागेल म्हणाले.

तो आठवडा काय सांगू. चिमी चमचा टाकायची, मला वाटायचं शिसं. झोपली, शिसं. झोपली नाही, तरी शिसं. एक वर्षाची व्हायला आलेली, अजून एक शब्द बोलत नव्हती, आणि ह्यांची आई फोनवर सारखी विचारायची, बोलते का गं? मी फोन ह्यांच्याकडे द्यायचे. हे कामावर जाताना तिच्याकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. काका खाली ओल्या फडक्याने सगळं घर पुसत होते, झाडू मारायचा नाही, धूळ उडते, म्हणून गुडघ्यावर बसून, जिन्याची एकेक पायरी. पुसून झालं की पहिल्या पायरीपासून परत. मी म्हटलं, "काका, आता पुरे." ते म्हणाले, "पिशवीवर मी इंग्रजीत लिहिलं. घरात मराठी बाई आहे, आणि मी इंग्रजीत लिहिलं." मग क्लबातले एक गृहस्थ व्हॅन घेऊन आले, आणि भांडं, साचे, काटा, ते घरघरणारं मशीन, सगळं भरून घेऊन गेले. काका दारात उभे होते. कुठला साचा कसा धरायचा ते सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी जिन्यातून सांगितलं, "काका, तिनं आज 'बा' म्हटलं."

"बा म्हणजे काय?"

"काही नाही. बा."

"बरं. काही नाही तर काही नाही. म्हटलं ना?"

"दोनदा."

"छान," काका म्हणाले, आणि परत पायरी पुसायला लागले.

फोन आला तेव्हा हे कामावर होते. मला ते फोनवरचं इंग्रजी एरवीही कळत नाही, त्या दिवशी तर कानात नुसता वारा. मी फोन काकांच्या हातात कोंबला. काका ऐकत राहिले, "येस," म्हणाले, "येस," म्हणाले, "थँक यू," म्हणाले, फोन ठेवला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. चष्मा काढला, दुसरा चष्मा पण काढला. मी चिमीला छातीशी इतकं आवळलं की ती किंचाळली. "काका, सांगा! काय असेल ते सांगा!"

"काही नाही," काका म्हणाले. "काही नाही झालेलं. इतर पोरांच्या रक्तात असतं तेवढंच आहे. तेवढंच."

मग मीही त्याच पायरीवर बसले. चिमी आमच्या मध्ये बसून "बा बा" करत होती.

मी म्हटलं, काका, आता तुमची मशिनं परत आणा, मी त्या बाजूला पाऊलसुद्धा टाकणार नाही. काका म्हणाले, "नको. पोर जिथे रांगते तिथे शिसं नको. क्लबात एक कोपरा देतायत, तिथे जाऊन करीन." आणि मग जरा लाजून म्हणाले, "पण मी एक नवस बोललोय. तो फेडायला तुझी मदत लागेल. पोहे आहेत का गं?"

मलिदा म्हणतात त्याला. मला वाटलं पोळीचा, पण नाही, काकांच्या लोकांचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि बाजूने पाच फळं. एलियाहू नबी म्हणून त्यांचे एक आहेत, त्यांच्या नावाने करायचा. अलिबागेजवळ एका कातळावर त्यांच्या रथाची खूण आहे, काका लहानपणी आईबरोबर जायचे. रविवारी दुपारी काका गोल टोपी घालून टेबलाशी उभे राहिले आणि त्यांच्या भाषेत म्हणायला लागले, मध्येच अडकले, आठवेना, मग तेवढंच परत म्हटलं. टेबलावर एवढ्या प्लेटा मांडलेल्या बघून मी म्हटलं, "काका, अजून कोण यायचंय?"

"खरं तर दहा पुरुष लागतात," काका म्हणाले. "आई नेहमी दहांच्या मांडायची. मी आपल्या तशाच मांडल्या."

पुरुष दोनच होते, आमचे हे आणि काका. मग काकांनी एक प्लेट ह्यांच्यापुढे सरकवली. "ही माझ्या थोरल्या भावाची. तो इस्रायलला गेला, तिथेच गेला. त्याला केळं आवडायचं नाही, केळं काढून खा." ह्यांनी मुकाट्याने केळं काढलं. दुसरी माझ्यापुढे. "हा मामेभाऊ, मुंबईचा. ह्याला खोबरं जास्त." त्यांनी त्यावर अजून खोबरं घातलं. असे एकेक जण आले, कुणी घाईघाईने जेवणारा, कुणी खजूर खिशात घालणारा, कुणी जेवताना भांडणारा, आणि आम्ही दोघं त्या सगळ्यांच्या वाटचं खात राहिलो, त्यातले बरेचसे आता नाहीतच, आणि आहेत ते लांब. काका स्वतः खातच नव्हते, नुसते सांगत होते आणि कोण कसं खातंय ते बघत होते. हे माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाले, आता बास, पण बास म्हणणार कसं, प्रत्येकजण इतक्या वर्षांनी आलेला.

शेवटची एक प्लेट राहिली. ती कुणाची ते काकांनी सांगितलं नाही. तिच्यावरचा एक पोहा बाजूला पडला होता, तो बोटाने उचलून परत वर ठेवला. मी पण विचारलं नाही. चिमी माझ्या मांडीवरून वाकली आणि तिने त्या प्लेटमध्ये सगळा हात घातला. मी ओढायला गेले.

"राहू दे गं," काका म्हणाले, "खाऊ दे तिला." आणि आणखी जवळ सरकवली.